तेलाची ‘लिटर’ पिशवी आणि लेकीची एकमान पद्धत

दिवाळीच्या आठवड्यातली गोष्ट. सिंहगड रोडवरच्या एका मोठ्या दुकानात (नाव लिहीत नाही) सूर्यफूल तेलाच्या ढिगावर पिवळी पाटी : ‘1 लि. फक्त 144’. शेजारीच आमचं नेहमीचं तेल 148 ला. चार रुपये वाचतायत म्हणून सहा पिशव्या ट्रॉलीत टाकल्या. त्यावर मी मनातून खूशही झाले, खोटं कशाला सांगू.

चकल्यांचा शेवटचा घाणा राहिला आणि तेल संपलं. सासूबाई म्हणाल्या, “सहा लिटर पुरतंच गं दरवर्षी. पिशवी बघ.” कचऱ्यातली रिकामी पिशवी काढली, तेलकट हातानेच चष्मा सरकवला. मागे, खालच्या शिवणीपाशी : निव्वळ वजन 850 ग्रॅम. उंची, रुंदी, चित्र, सगळं लिटरच्या पिशवीसारखं. लिटरभर तेल मात्र साधारण 910 ग्रॅम भरतं.

लेक सहावीत आहे, एकमान पद्धत नुकतीच शिकलीय. तिने वहीच्या मागच्या पानावर मांडलं. 144 ला 850 ग्रॅम, म्हणजे 100 ग्रॅमला 16 रुपये 94 पैसे. 148 ला 910, म्हणजे 16 रुपये 26 पैसे. “आई, तुझं स्वस्तातलं तेल लिटरला 154 ने पडलं!” वर सहा पिशव्यांत मिळून 360 ग्रॅम तेल कमी आलं, ते वेगळंच.

पाकिटावर एका ग्रॅमची किंमत छापलेली असते, ती का बघितली नाही, असं कोणी म्हणेल. बघितली असती तरी ती एमआरपीवरून काढलेली, दुकानाच्या ऑफरचा भाव त्यात नाहीच. शिवाय एकीवर भाव ग्रॅमचा, दुसरीवर लिटरचा. दिवाळीच्या गर्दीत, मागून ट्रॉलीचे धक्के खात, हे गणित कोण सोडवणार? आता 850 काय, 800 आणि 750 ग्रॅमच्याही पिशव्या मिळतात. तेव्हा घेताना फक्त ग्रॅमचा आकडा शोधा आणि मोबाइलवर भागाकार करा, पिशवीच्या आकारावर जाऊ नका.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले तर पाटी गायब. मॅनेजर म्हणाला, “ताई, वजन छापलेलं असतं ना पाकिटावर.” बिलावर नुसतं ‘तेल पाऊच, 6 नग’. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर आहे, वजनमापं तपासणाऱ्या वैधमापनवाल्यांकडेही जाता येतं, पण लिटर म्हणून विकलं हे मी दाखवणार कशावरून? ऑफरची पाटी दिसली की आधी तिचा फोटो काढा, मग पिशवीला हात लावा.

उरलेल्या घाण्यासाठी कोपऱ्यावरच्या वाण्याकडून एक पिशवी आणली, 150 ला. 910 ग्रॅम हा आकडा लेकीने दुकानातच सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. वाणी हसला, मी नाही.