फुकट दिलेला कनेक्टर: माझ्या पहिल्या संगणकाच्या पॉवर सप्लायमधील फसवणूक

मुलीच्या आर्किटेक्चरच्या अभ्यासासाठी तयार संगणक विकत घेण्याऐवजी सुटे भाग आणून घरीच जोडावा, असे आम्ही गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ठरवले आणि एका शनिवारी कल्याणहून निघून, ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलो. प्रोसेसर, मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड यांची चौकशी चार-पाच दुकानांत नीट केली, मॉडेल क्रमांक लिहून घेतले, भाव पाडून घेतले. मात्र ज्याला बाजारात सगळेच 'एसएमपीएस' म्हणतात, त्या पॉवर सप्लायकडे, म्हणजे घरातली वीज संगणकाच्या भागांना हवी तशी करून देणाऱ्या डब्याकडे, मी अगदी शेवटी, खिसा आणि पाय दोन्ही थकल्यावर वळलो. नेमका तिथेच मी फसलो.

आम्हाला ५५० वॅटचा, '८० प्लस ब्रॉन्झ' (वीज कमी वाया जाते याचे प्रमाणपत्र) दर्जाचा, एका नामांकित कंपनीचा सप्लाय हवा होता. इतर दुकानांत तो साडेचार हजारांच्या पुढे होता; या दुकानदाराने व्हॉट्सॲपवर मॉडेल क्रमांकासह ४,१०० रुपयांचे कोटेशन पाठवले. पैसे देताना मात्र त्याने सांगितले, की हा भाव बिलाशिवायचा आहे आणि पक्के बिल हवे असल्यास १८ टक्के जीएसटी वेगळा पडेल. मी सातशे-साडेसातशे रुपये वाचवले आणि 'एसएमपीएस ५५० वॅट, १ नग' एवढेच लिहिलेली कच्ची पावती खिशात घातली. यूपीआयने दिलेले पैसे दुकानाच्या नावावर न जाता कुणा व्यक्तीच्या नावावर गेले, हेही मी पाहिले आणि सोडून दिले. या दोन गोष्टींचा दोष मी दुकानदाराच्या माथी मारत नाही. तो माझा आहे.

त्यानंतर, "साहेब, आत टेबलावर चालवून बघतो आणि मग देतो," असे म्हणून त्याने सीलबंद खोके माझ्यासमोर फोडले आणि ते घेऊन तो पडद्यामागे गेला. पाच-सात मिनिटांनी खोके नव्या चिकटपट्टीसह परत आले. सोबत त्याने एका छोट्या पिशवीत एक जोडवायर ठेवली आणि म्हणाला, "तुमच्या ग्राफिक्स कार्डाला हा कनेक्टर लागेल, माझ्याकडून फुकट घ्या." मी त्याचे आभार मानले. आज ते आठवले की स्वतःचाच राग येतो, कारण त्या फुकटच्या वायरीतच सगळी फसवणूक उघड दिसत होती.

घरी जोडणी करताना अडचण अशी काही आली नाही. कॅबिनेटच्या तळाला जाळी होती, म्हणून पंखा खाली करून सप्लाय बसवला, मागचे चार स्क्रू आवळले, २४ पिनांचा जाड कनेक्टर 'खट्' आवाज येईपर्यंत मदरबोर्डमध्ये दाबला. प्रोसेसरला वीज देणारी, चार अधिक चार पिनांची वायर मात्र एवढी आखूड निघाली, की ती मदरबोर्डच्या मागून नेताच येईना आणि शेवटी ग्राफिक्स कार्डावरून ताणून घ्यावी लागली. मुलीने तेव्हाच विचारले होते, "बाबा, व्हिडिओत दाखवतात ती सहा अधिक दोन पिनांची वायर यात कुठे आहे?" मी तिला ऐटीत उत्तर दिले, की तिच्याऐवजी दुकानदाराने वेगळा कनेक्टर दिला आहे.

या दर्जाच्या ५५० वॅटच्या सप्लायमधून ग्राफिक्स कार्डासाठी ही सहा अधिक दोन पिनांची स्वतंत्र वायर निघतेच. आमच्याकडे आलेल्या सप्लायमध्ये ती नव्हती, म्हणूनच जुन्या चार पिनांच्या मोलेक्स कनेक्टरवरून आठ पिना तयार करणारी जोडवायर द्यावी लागली. हिशेब साधा आहे. आमचे आरटीएक्स ३०६० कार्ड १७० वॅटपर्यंत वीज घेते आणि मदरबोर्डचा स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॅट पुरवतो. उरलेले किमान ९५ वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर सुमारे ८ अँपिअर, वायरीतूनच यावे लागतात. योग्य वायरीत हा प्रवाह १२ व्होल्टच्या तीन पिवळ्या तारांत वाटला जातो. आमच्याकडे तो सगळा मोलेक्सच्या एकाच पिवळ्या तारेतून आणि एकाच पिनेतून जात होता.

तीन आठवडे संगणक ठीक चालला. पुढे मुलगी इमारतीचे त्रिमितीय चित्र रेंडर करायला लावी आणि काही मिनिटांत संगणक दिवा विझावा तसा बंद पडे. आम्ही आधी रॅमवर संशय घेतला, मग विंडोज पुन्हा टाकले. एका रात्री प्लॅस्टिक जळल्याचा वास आला, म्हणून कॅबिनेटची बाजू उघडली, तर मोलेक्सच्या पांढऱ्या कनेक्टरवर, पिवळी तार शिरते त्या भोकाभोवती, पापड भाजताना कडेला पडतो तसा तपकिरी डाग पडला होता. कनेक्टर ओढला तर सहजी सुटेना. आतली पिन प्लॅस्टिकला चिकटली होती.

स्टेशनजवळ दुरुस्तीचे काम करणाऱ्या एका गृहस्थांकडे संगणक नेला. त्यांनी मल्टिमीटर लावून संगणक नुसता चालू ठेवला, तेव्हा पिवळ्या तारेवर ११.९ व्होल्ट दिसले. रेंडर सुरू करताच आकडा ११.१ वर आला आणि संगणक बंद पडला. अशा सप्लायसाठी ठरवलेल्या एटीएक्स मानकाप्रमाणे हा दाब ११.४ ते १२.६ व्होल्टच्या दरम्यान राहायला हवा. मग त्यांनी सप्लाय बाहेर काढला, हातात तोलून पाहिला आणि स्टिकरच्या कोपऱ्याखाली नख घातले. मॉडेलचे नाव आणि '५५० वॅट' छापलेला वरचा भाग सोलून निघाला. खाली दुसरेच, कधी न ऐकलेले नाव होते.

मला अधिक बोचले ते पुढचे. लेबलच्या खालच्या भागातला तक्ता दुकानदाराने झाकलाही नव्हता. त्यात १२ व्होल्टवर १८ अँपिअर, म्हणजे २१६ वॅट लिहिले होते. ५ व्होल्टवर २० अँपिअर म्हणजे १०० वॅट, ३.३ व्होल्टवर २० अँपिअर म्हणजे ६६ वॅट. किरकोळ ओळी धरूनही बेरीज ४०० च्या पुढे जात नव्हती. आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ही दोन्ही मोठी गिऱ्हाइके १२ व्होल्टवरच जगतात, त्यामुळे खरी कुवत त्याच ओळीत पाहायची असते. दुकानात उभ्या उभ्या एक गुणाकार केला असता, तर मी तो सप्लाय तिथेच परत केला असता.

कंपनीच्या सेवाकेंद्राने खोक्यावरचा अनुक्रमांक आपला असल्याचे मान्य केले, पण आतली वस्तू आपली नाही, म्हणून वॉरंटी लागू होणार नाही, असे सभ्यपणे सांगितले. दुकानदाराने तर, "आम्ही सीलबंद खोके दिले, तुम्हीच आतला माल बदलला असेल," असे म्हणून हात झटकले. कच्च्या पावतीवर ना दुकानाचे नाव, ना मॉडेल. शेवटी उपयोगी पडले ते व्हॉट्सॲपवरचे कोटेशन आणि त्याच दिवशीची तेवढ्याच रकमेची यूपीआयची नोंद. त्या आधारावर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणे हीच एक अनुचित व्यापारी प्रथा ठरते आणि जिल्हा आयोगात पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, हे मला तेव्हा कळले.

दुसरा सप्लाय पक्क्या बिलावर घेतला. बिलावर मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून घेतला, तो खोक्याशी आणि वस्तूशी ताडून पाहिला, तक्त्यातला १२ व्होल्टचा गुणाकार केला, सहा अधिक दोन पिनांची वायर डोळ्यांनी पाहिली आणि '८० प्लस'च्या जाहीर यादीत मॉडेल शोधले. ही यादी कार्यक्षमतेपुरतीच बोलते, सप्लायच्या एकूण दर्जाबद्दल नाही. तरी चिन्ह खोटे छापले असेल तर ते तिथे कळते. घरच्या काट्यावर जुना ९२० ग्रॅम भरला होता, हा पावणेदोन किलोच्या आसपास भरला. जुना उघडून आत काय आहे ते पाहण्याची मुलीची फार इच्छा होती, परंतु प्लग काढल्यावरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये विजेचा जीवघेणा दाब साठून राहू शकतो, म्हणून मी तिला हात लावू दिला नाही. रेंडर चालू असताना आता पिवळ्या तारेवर १२.०५ व्होल्ट दिसतात.

हेल्पलाइनवरून दुकानात विचारणा झाल्यावर दुकानदाराचा मला संदेश आला. पूर्ण ४,१०० रुपये परत करायची त्याची तयारी आहे. फक्त सप्लायसोबत कच्ची पावती आणि तो फुकट दिलेला कनेक्टरही आणून द्यावा, असे त्याचे म्हणणे आहे. आधी पैसे आणि लेखी पोच द्यावी, असे मी कळवले असून जळका कनेक्टर आणि पावती सध्या माझ्या कपाटात आहेत.