पत्र्याची काळी ट्रंक : सोळा वर्षं वापरली, त्यातले चौदा महिने अंदमानात

आज नऊ नंबरच्या ट्रंकेची कडी माझ्या हातात आली. ओढली नव्हती, आपटली नव्हती. कोयंड्यातून काढायला गेले आणि खारी मोडावी तशी मोडली. एरवी फौजी घरातली बाई ट्रंकेबद्दल काय लिहिणार? ती असतेच, सासू असते तशी. पण इथे बदली होऊन येणाऱ्या एखादीचे तरी पैसे वाचतील म्हणून लिहितेय.

पहिल्या चार ट्रंका २००९ साली लग्नानंतर साताऱ्यात घेतल्या. ३६ इंच लांब, २० रुंद, १८ उंच, पत्रा २४ गेजचा. गेजचं गणित उलटं असतं, आकडा वाढला की पत्रा पातळ, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. दुकानदाराने "चोवीस नंबर" असं छाती फुगवून सांगितलं आणि मला वाटलं भारीतला माल मिळाला. एकीला अकराशे रुपये पडले. पुढे बदली झाली की एक-दोन वाढत गेल्या. आता अकरा आहेत. प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात नंबर, ह्यांचा हुद्दा, नाव आणि मुक्काम. जुन्या मुक्कामावर काळा हात मारायचा, नवा लिहायचा. बेळगाव, बरेली, जोधपूर. नखाने खरवडलं तर आमचं सगळं लग्न थराथराने निघेल.

जोधपूरपर्यंत या ट्रंकेला मी पाचपैकी पाच दिले असते. वाळू आत शिरायची, पण झटकली की झालं. उंदीर नाही, वाळवी नाही. दोन ट्रंका शेजारी ठेवून वर गादी टाकली की दिवाण, एक उभी केली की टीव्हीचं स्टँड, आणि मुलगी पहिलीत असताना तीच तिचं अभ्यासाचं टेबल. क्वार्टर कसलंही मिळो, ट्रंका लागल्या की तासाभरात घर आपलं दिसायला लागतं. हा गुण दुसऱ्या कुठल्याही पेटीत नाही, हे आधीच सांगते. पुढे मी बरंच वाईट बोलणार आहे.

२०२४च्या जूनमध्ये आम्ही विमानाने पोर्ट ब्लेअरला उतरलो. सामान ट्रकने चेन्नईला आणि तिथून जहाजाने. चेन्नईपासून इथपर्यंत समुद्रातून साधारण बाराशे किलोमीटर. जहाजाला साठेक तास लागतात. आमच्या सामानाला त्रेचाळीस दिवस लागले. मधले दिवस ते कुठल्या यार्डात पावसात बसलं होतं ते वाहतूकवाल्याने अजून सांगितलेलं नाही. "मॅडम, निकल गया है" एवढंच वाक्य मी त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की मुलगी शाळेची बस चुकली तरी तेच म्हणायची.

ते दीड महिने दोन चटया, शेजारणीचा कुकर आणि मेसची दोन ताटं यांवर काढले. गावाकडून फोन यायचे, "सेल्युलर जेल पाहिलं का? सावरकरांची कोठडी?" इथल्या बायका भेटल्या की विचारायच्या, "सामान आया?" मला त्या दिवसांत दुसरा प्रश्नच जास्त जवळचा वाटायचा. पहाटे पाचच्या आत उजाडायचं. घड्याळ मेनलँडचं (इथे सगळे भारताच्या मुख्य भूमीला मेनलँडच म्हणतात, दोन आठवड्यांत मीही म्हणायला लागले) पण सूर्य मात्र इथला. नोव्हेंबरात तर पाच वाजण्याच्या आत दिवेलागण. चारचा चहा झाला की रात्रीच्या भाजीचं बघायचं. आणि भाजीचंही जहाजावर अवलंबून. हवा बिघडून बोट लांबली की बटाटा-कांदा भाव खातो, कोथिंबिरीचं तर नावच नको. मासे आणि नारळ मात्र भरपूर.

ट्रंका आल्या तेव्हा अकराच्या अकरा मोजून घेतल्या आणि हायसं वाटलं. एकीवरही मोठा पोचा नव्हता. वाहतूकवाल्याला मनातल्या मनात माफही केलं. खरी गंमत पुढे. पाचव्या आठवड्यात कडेच्या घडीवर, जिथे पत्रा मुडपलेला असतो तिथे, चहाच्या डागासारखी एक रेघ दिसली. पुसली. चार दिवसांनी परत. मग बिजागऱ्यांवर, मग तळाला.

समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे बारीक कण असतात. ते पत्र्यावर बसतात. हवेतली आर्द्रता साधारण पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून घेतं आणि विरघळतं. इथे वर्षातला बराचसा काळ हवा तेवढी दमट असतेच. मेपासून एक पाऊस, तो सरतोय तोवर दुसऱ्या बाजूचा, डिसेंबरापर्यंत. म्हणजे तुमची ट्रंक कोरड्या खोलीत ठेवली तरी तिच्या अंगावर मिठाच्या पाण्याचा न दिसणारा पदर कायम असतो. रंगाला एक ओरखडा पुरे. आणि बदल्या झालेल्या ट्रंकेला ओरखड्यांची काय कमी? प्रत्येक हमालाची सही असते तिच्यावर.

रंग देऊन भागत नाही, तेही करून बघितलं. सप्टेंबरात थोडी उघडीप मिळाली तेव्हा ह्यांनी सगळ्या ट्रंका घासून लाल प्रायमर मारला, वर काळा रंग. पेंटर पोराकडून नाव-पत्ता नव्याने लिहून घेतला, ठळक "पोर्ट ब्लेअर". त्याच महिन्यात शहराचं नाव श्री विजयपुरम झालं. हे दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. गंज मात्र दिवाळीआधी प्रायमरच्या खालून फुगून वर आला, कारण घडीच्या आत ब्रश पोचतच नाही.

आता आतल्या सामानाचं. गंजापेक्षा बुरशीने जास्त रडवलं. ट्रंक पावसात उघडायची, बंद करायची, म्हणजे दर वेळी ओली हवा आत कोंडायची. ह्यांचे चामड्याचे बूट हिरवे झाले, मुलीच्या जुन्या वह्यांना ठिपके पडले. माझी पैठणी मलमलमध्ये होती म्हणून वाचली, पण उघडली तेव्हा तिला तळघराचा वास होता. डांबरगोळ्यांनी कसर जाते, ओल जात नाही. हे मला शेजारच्या क्वार्टरमधल्या तमिळ वहिनींनी शिकवलं. त्यांची ही बेटावरची दुसरी खेप. त्यांच्या कपाटात खालच्या कप्प्यात पंचवीस वॅटचा जुना पिवळा दिवा चोवीस तास जळतो. हवा जराशी गरम झाली की कपड्यांना ओल धरत नाही. मी हौसेने एलईडी लावला. त्या पोट धरून हसल्या. एलईडीला ऊबच कुठे असते! मग अबर्डीन बाजारात तीन चकरा मारून जुन्या पद्धतीचे दोन दिवे मिळवले. कपाटाचा प्रश्न सुटला. (ट्रंकेत मात्र दिवा कुणी लावू नका. कोंडलेली जागा, कपडे आणि वायर. तेवढी अक्कल मला होती.)

तर पर्याय काय? निळा प्लास्टिकचा ड्रम. मोठ्या तोंडाचा, रिंगवाल्या झाकणाचा. वहिनींकडे सहा आहेत, मी तीन घेतले, वापरलेले, पंधराशेला एक. घेताना तोंड आत घालून वास घ्या. माझ्या एकाला लोणच्याचा वास होता, तो मी मुद्दाम निवडला, कारण दुसऱ्याला कसल्या तरी औषधाचा होता. पाण्यात ठेवला तरी आतलं कोरडं. झाकणाची रिंग लोखंडी असते, ती गंजते, पण तिला महिन्याला खोबरेल लावलं की भागतं. आणि भरायचा कधी, तर फेब्रुवारीत, सलग चार दिवस ऊन पडल्यावर, दुपारी. पावसात भरलेला घट्ट ड्रम म्हणजे बुरशीची बरणीच. मी पहिला जुलैत भरला होता. असो.

ड्रमचे तोटेही आहेतच. गोल असल्याने कोपऱ्यात बसत नाही, तळाचं काढायला अर्धं अंग आत घालावं लागतं, वर गादी टाकता येत नाही. पाहुणे आले की घर रॉकेलच्या डेपोसारखं दिसतं. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, "पाणी भरून ठेवलंय का गं एवढं?"

त्यामुळे बेटावर येणाऱ्यांनी सगळ्या ट्रंका टाकून द्या असं मी म्हणणार नाही. भांडी, मिक्सर, मुलांची खेळणी यांना ट्रंक चालते. घ्यायचीच असेल तर जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याची घ्या. आमची अकरा नंबरची तशी आहे, चौदा महिन्यांत तिच्या फक्त कडा पांढुरक्या झाल्यात. जुन्या आणणार असाल तर त्या जमिनीवर ठेवू नका, खाली विटा द्या, खालून वारा खेळू द्या. कपडे, कागद, चामडं ड्रममध्ये. सर्टिफिकिटं आणि सर्व्हिसचे कागद झिपच्या पिशवीत घालून मग ड्रममध्ये.

साध्या काळ्या ट्रंकेला मेनलँडवर पाच तारे, इथे दीड. त्यातला अर्धा दिवाणासाठी.

नऊ नंबरचं काय करायचं ते ठरलंय. कडी नाही, झाकण एका बिजागरीवर लोंबतंय, तळ चाळणी झालाय. मागच्या ओट्यावर ठेवून माती भरली आणि वहिनींकडून आणलेले अळूचे चार कंद लावले. पाणी जायला भोकं पाडावी लागली नाहीत.