विश्रामबागमधला ड्रम क्लास, पाच महिन्यांनंतर (रॉक-मेटल शिकायचं असणाऱ्यांसाठी)

सांगलीत हेवी ड्रम्स शिकवणारं कोण आहे का असं बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितो. क्लासचं नाव टाकत नाही, सरांनीच नको म्हणून सांगितलंय, संध्याकाळच्या बॅच फुल्ल आहेत आणि त्यांनी बाहेर बोर्डसुद्धा लावलेला नाही. शंभर फुटी रोडवरून आत वळलं की एका टेलरच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर आहे, संध्याकाळी सहानंतर गल्लीत उभं राहिलं की आवाजानंच कळतंय कुठं जायचं ते.

आधी माझं सांगतो म्हणजे मी कुठनं बोलतोय ते कळेल. मी कुपवाड एमआयडीसीत प्रेस शॉपला (पत्रा दाबून पार्ट काढतात तिथं) आहे आणि कॉलेजपासून गणपतीत ताशा वाजवतोय, सात वर्षं झाली. मेटल, म्हणजे रॉकचाच जड प्रकार, ऐकायला लागलो तेव्हा वाटायचं हात तर तयारच आहेत, फक्त पायाचं काय ते शिकायचं राहिलंय. म्हणून वर्षभर घरीच व्हिडिओ बघून प्रयत्न केला, ऑनलाइन एक स्वस्तातलं डबल पेडल (दोन्ही पायांनी बेस ड्रम, म्हणजे खालचा मोठा ड्रम, वाजवायचं) मागवलं, त्याच्या दोन पेडलांना जोडणारा रॉड असतो ना त्याचा स्क्रू दर दहा मिनिटांनी ढिला व्हायचा, डावा बीटर, म्हणजे ड्रमवर आपटणारी हातोडी, मागं पडायचा आणि मी समजत होतो माझा पायच कच्चा आहे. त्यात उजवं मनगट असं दुखायला लागलं की कंपनीत व्हर्नियर (मोजायचं साधन) धरताना कळ यायची. तेव्हा एका मित्रानं या सरांकडं नेलं.

पहिल्या दिवशी किटला, म्हणजे ड्रमच्या पूर्ण सेटला, हात लावू दिला नाही. आधी स्टूल वर-खाली करून बसवलं, कंबर गुडघ्यापेक्षा जरा वर पाहिजे आणि मांडी पुढं थोडी उतरती, नाहीतर पाय उचलताना सगळा ताण कंबरेत येतो. मग स्टिक दिली ती ५ए, म्हणजे जरा बारीक मापाची. मी म्हटलं सर मेटलला जाड लागते ना, ५बी नाहीतर २बी, तर म्हणाले, "लागतीय की, पण आधी ही तरी उडू दे तुझ्या हातात." खिशातनं खडू काढला आणि स्टिकच्या जाड टोकापासून साधारण एक तृतीयांशावर रेघ मारली. अंगठा आणि तर्जनी त्या रेघेवर, बाकीची तीन बोटं नुसती टेकलेली. पॅडवर (सरावाची रबरी गादी) स्टिक एकदा टाकायची आणि ती आपोआप किती वेळा उडते ते मोजायचं. माझी दोनदा उडून मरायची, शेजारच्या सातवीतल्या पोराची सात-आठ वेळा उडत होती.

याचं कारण सरांनी माझा ताशा ऐकून लगेच सांगितलं. ताशाची काडी बारीक आणि लवचिक, ती स्वतःच वाकते, त्यामुळं मूठ आवळून धरली तरी चालून जातं आणि मिरवणुकीत पाच-पाच तास तसंच धरायची सवय लागते. ड्रमची स्टिक हिकरीची, ती वाकत नाही, मूठ आवळली की पातीचा, म्हणजे ड्रमवरच्या ताणलेल्या पडद्याचा, सगळा झटका परत मनगटात येतो. माझं मनगट त्यामुळंच दुखत होतं. पुढचे तीन आठवडे फक्त सिंगल स्ट्रोक (हात आलटून-पालटून), डबल स्ट्रोक (एका हाताचे दोन-दोन) आणि पॅराडिडल, म्हणजे उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा, तेही मेट्रोनोम, म्हणजे टिकटिक करून लय दाखवणारं यंत्र, मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून. कंटाळा आला हे खरंय, पण चौथ्या आठवड्यात मनगटाची कळ गेली ती परत आली नाही, नुसतं एवढ्यासाठी पण मी या क्लासला पाच स्टार देईन.

ज्यांना मेटल वाजवायचंय त्यांनी एक गोष्ट नीट ऐका कारण मी वर्षभर उलटं करत होतो. आवाज मोठा पाहिजे तर स्टिक जास्त उंचावरनं सोडायची, जास्त जोरात आवळायची नाही. आणि स्नेअरचा, म्हणजे समोरच्या कडक आवाजाच्या ड्रमचा, तो कडाड आवाज, जो रेकॉर्डिंगमध्ये ऐकून आपण येडे होतो, तो ताकदीचा नसतोच, तो रिमशॉट असतो, म्हणजे स्टिकचं टोक पातीच्या मध्यावर आणि दांडा लोखंडी कडेवर एकाच क्षणी पडला पाहिजे. सरांनी स्नेअरची उंची बोटभर वर घेतली आणि माझे रिमशॉट त्या दिवशीच दहातले सहा लागायला लागले, मी उगाच महिनाभर हाताला दोष देत बसलो असतो.

सर मूळचे मिरजेचे, लहानपणी तबला शिकलेत, आणि मला वाटतं म्हणूनच त्यांची शिकवायची पद्धत आपल्या माणसाला पटकन कळते. मिरजेला सतार-तानपुऱ्याचं एवढं मोठं नाव, तिथल्या गल्लीत वाढलेला माणूस इथं डबल किक (किक म्हणजे बेस ड्रम, तो दोन्ही पायांनी) शिकवतोय याचं मला लई भारी वाटतं. ते मोजायला इंग्रजी आकडे लावत नाहीत, बोल लावतात. ट्रिपलेट, म्हणजे एका ठोक्यात तीन फटके, आली की तकिट तकिट. मेटलमध्ये गिटारचा तो घोडा पळतोय असा रिफ, म्हणजे परत परत येणारा तुकडा, असतो ना, गॅलप म्हणतात त्याला, एक लांब आणि दोन छोटे, तो त्यांनी धा-तिट धा-तिट असा तोंडी म्हणायला लावला, आणि उलटा गॅलप म्हणजे तिट-धा तिट-धा. आधी तोंडानं, मग मांडीवर हातानं, मग पायानं. तोंडात बसल्याशिवाय पेडलला पाय लावू देत नाहीत. मी व्हिडिओ बघून सहा महिने जो गॅलप शिकत होतो तो असा एका संध्याकाळी बसला.

बीटचं पण तसंच. साध्या रॉकमध्ये चार ठोक्यांत स्नेअर दोन आणि चारवर, हे सगळ्यांना माहीत असतं. ब्रेकडाऊनला, म्हणजे गाण्याच्या जड भागात, तोच टेम्पो ठेवून स्नेअर फक्त तीनवर आणायचा, हाफ टाइम, म्हणजे गाणं १४० ला चाललंय तरी अंगावर ७० सारखं जड येतं. आणि हातानं हाय-हॅट (पायानं मिटणारी जोडझांज) सोडून क्रॅश नाहीतर चायना ही मोठी झांज झोडायची. हे करून बघा, पहिल्यांदा बरोबर पडलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. थ्रॅशचा, म्हणजे वेगवान मेटलचा, बीट त्याच्या उलट, किक-स्नेअर किक-स्नेअर नुसती पळापळ, त्यात नवीन माणूस चार बारमध्येच (आवर्तनांतच) पुढं पळतो. मी पळायला लागलो की सर मेट्रोनोमवर बोट ठेवून विचारायचे, "कुठं पळाय लागलायस? एसटी सुटाय लागलीय व्हय?"

आता ब्लास्ट बीट, म्हणजे मेटलचा तो मशीनगनसारखा अतिवेगवान बीट, ज्याच्यासाठी निम्मे लोक येतात. इथं सरांनी जे केलं ते सांगतोच. सुरुवातीला त्यांनी किक आणि स्नेअर एकत्र पडतात तो प्रकार घेतला, दोन्ही एकाच वेळी, हळू, ८० ला. मला वाटलं मस्त चाललंय. त्यांनी फोनवर रेकॉर्ड केलं आणि इअरफोन माझ्या कानात घातले. मला ऐकू येत होतं धडाक, धडाक, धडाक. सर म्हणाले तुझं धडाक येतंय, मला धड पाहिजे. म्हणजे पाय किंचित आधी पडत होता आणि हात मागनं येत होता, एवढा बारीक फरक की वाजवताना कळतच नाही. वेग वाढवला की तोच फरक सगळा चिखल करतो, ऐकणाऱ्याला नुसता गोंगाट येतो. दोन आठवडे मी तेवढंच केलं, वाजवायचं, ऐकायचं, परत वाजवायचं. एक दिवस धड आलं. मग धड, धड, धड, सलग आठ. सर काही बोलले नाहीत, मेट्रोनोम ८४ केला.

दुसरा प्रकार, ज्यात किक आणि स्नेअर आलटून-पालटून येतात, तो आता चालू आहे. १२० ला एका हाताचे सेकंदाला चार फटके होतात, दोन्ही मिळून आठ, आकडा ऐकून घाबरू नका, बोटं सैल असली तर जमतंय. हात आवळला की अर्ध्या मिनिटात दंडात गोळे येतात.

पायाचं शिकवणं मला सगळ्यात आवडलं. पहिले तीन महिने डबल पेडलला हात नाही, सॉरी, पाय नाही. सिंगल पेडलवर आधी टाच खाली ठेवून, मग टाच उचलून. टाच उचललेली असताना ताकद मांडीतनं येते, ती हळू आणि जड वाजवायला बरी, वेग वाढत गेला की घोट्यातनं काम काढावं लागतं, मांडी तेवढी पळू शकत नाही. हा बदल साधारण कुठं होतो ते प्रत्येकाचं वेगळं, म्हणून सर दर आठवड्याला मेट्रोनोम लावून तुमचा पाय कुठं अडखळतो ते वहीत लिहितात. डाव्या पायाला वेगळा रियाज, रोज पाच मिनिटं सगळं डावीकडनं सुरू करायचं. डबल किक म्हणजे मेटलवाल्यांचंच खूळ असं मला वाटायचं, पण लुई बेलसन म्हणून जॅझ वाजवणारे होते ते १९४० च्या दशकातच दोन बेस ड्रम घेऊन बसायचे, हे मला सरांनीच सांगितलं. ब्लॅक सॅबथ या मेटल बँडचे ड्रमर बिल वॉर्डसुद्धा जॅझवर वाढलेले. म्हणून आमच्या बॅचला दोन आठवडे राइड झांजेवर स्विंग (जॅझचा डोलता ठेका) वाजवायला लावला होता, काही पोरं चिडली, मला आवडलं.

बेस ड्रमच्या आवाजावर एक अख्खा तास दिला. २२ इंची ड्रम, पात सुरकुत्या जाईपर्यंतच आवळायची आणि वर पाव फेरा, आत एक उशी पातीला टेकवून, आणि फेल्टऐवजी प्लॅस्टिकचा बीटर लावला की तो टक असा आवाज येतो जो वेगात पण वेगळा ऐकू येतो. ही उशी सरांच्या घरची आहे, फुलाफुलाच्या अभ्र्यासकट.

किट जुना आहे पण जपलेला. डाव्या क्रॅशला कडेला चीर गेलीय, चिरेच्या टोकाला सरांनी ड्रिलनं बारीक भोक पाडलंय म्हणजे चीर पुढं सरकत नाही, प्रेस शॉपमध्ये आम्ही पत्र्याला हेच करतो त्यामुळं मला ते बघून एकदम घरचं वाटलं. ही चीर का गेली ते पण दाखवलं, झांजेवर सरळ कुऱ्हाड घातल्यासारखं मारलं की जाते, कडेवरनं निसटता फटका मारायचा आणि स्टिक बाजूला काढून घ्यायची.

कानाचं कुणी मनावर घेत नाही म्हणून वेगळं लिहितो. इअरप्लग नसेल तर सर बसूच देत नाहीत, आणि बरोबर आहे. अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या आरोग्याच्या संस्थेचा हिशोब असा की ८५ डेसिबल आठ तास चालतंय, आणि पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० ला फक्त १५ मिनिटं. बंद खोलीत अकूस्टिक (इलेक्ट्रॉनिक नसलेला) किट सहज तिथं जातो. मेडिकलमध्ये फोमचे मिळतात, नाहीतर एमआयडीसीत कुणी ओळखीचं असेल तर निळ्या दोरीचे मागून घ्या.

आता जे पटलं नाही ते पण लिहितो. बॅचमध्ये चार जण आणि अकूस्टिक किट एकच, बाकी तिघं पॅडवर, त्यामुळं तासातले पंधरा मिनिटं किट मिळतो. हातासाठी पॅड चालतंय पण पायासाठी किटवर बसावंच लागतं, एक साधा पॅडवाला पेडल ठेवला तरी खूप फरक पडेल, मी सरांना सांगितलंय, बघतो म्हणालेत. भिंतीला अंड्याचे ट्रे चिकटवलेत, त्यानं खोलीतला घुमणारा आवाज थोडा कमी होतो पण बाहेर जाणारा थांबत नाही, त्यामुळं रात्री साडेआठला बंद म्हणजे बंद. दुसऱ्या शिफ्टवाल्यांना हे अवघड जातं, मला महिन्यातले दोन आठवडे रविवारच भरून काढावा लागतो. उन्हाळ्यात एकच पंखा, टॉवेल न्या. फी महिना दोन हजार, आठवड्यातनं दोन दिवस, रविवारी किट एकट्याला पाहिजे तर तासाला दीडशे. सांगलीच्या मानानं जास्त वाटेल, पण मी त्या पेडलवर घालवलेल्या पैशात इथले तीन महिने झाले असते.

घरी रियाजाला किट लागत नाही. मी पॅड गादीवर ठेवतो, पायाखाली घडी घातलेली सतरंजी, आईला टीव्ही ऐकू येतो आणि माझे ४० मिनिटं होतात.

परवा सरांनी वही दाखवली. जानेवारीत माझा डबल किक ७० ला अडखळत होता, आता १०५ ला दोन मिनिटं सलग टिकतोय. मला १६० ला पोचायचंय, सरांनी त्यापुढं तारीख लिहिली नाही, मोकळी जागा सोडलीय.

जाणार असाल तर शनिवारी सकाळी दहाला जा, तेव्हा सर एकटे असतात आणि नीट बोलतात. पातळ तळव्याचे बूट घालून जा, चप्पल घालून पेडलवर बसू देत नाहीत.