ट्रॉली भरली की लाईट चालू, रिकामी झाली की बंद: एलईडी सेटचा सहा महिन्यांचा अनुभव

दसऱ्याच्या आठ दिवस आधी दोन्ही ट्रॉल्यांना एलईडी लाईटचा सेट बसवला. आता येरमाळ्याची चैत्री यात्रा होऊन गेली, म्हणजे वापराला सहा महिने झाले. गाव कळंब तालुक्यात, मांजरेच्या काठाला. एक ट्रॅक्टर, मागे एकाला एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या आणि दिवाळीपासून कारखान्याची ऊसवाहतूक. खेपा बहुतेक रात्रीच्या, त्यामुळे मागचे लाईट ही आमच्याकडं शोभेची वस्तू नाही.

सेटमध्ये टेल, ब्रेक आणि इंडिकेटर एकत्र असलेले चार लाईट, सात पिनांचे प्लग-सॉकेट आणि सात तारांची केबल होती. सगळं मिळून 5,200 रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ज्या भानगडीपायी दोन महिने डोकं फिरलं तिच्यात कंपनीचा दोष फार थोडा होता.

आधी बल्बचे लाईट होते. ब्रेकचा एक बल्ब 21 वॅटचा, दोन ट्रॉल्यांचे चार म्हणजे 84 वॅट, 12 व्होल्टवर 7 अँपिअर. हा सगळा भार पेन्सिलीच्या शिशाएवढ्या बारीक वायरीवर. मागच्या ट्रॉलीपर्यंत बारा मीटर जाता जाता दीड-दोन व्होल्ट वाटेतच संपायचे आणि शेवटचा ब्रेकलाईट देवघरातल्या निरंजनासारखा मिणमिणायचा. शिवाय रानातून पांदीला लागेपर्यंतच्या आदळआपटीत बल्बची तार तुटायची. आठवड्याला दोन बल्ब ठरलेले. एलईडीला करंट अगदी कमी लागतो आणि तुटायला आत तारच नाही, हा हिशेब करून सेट घेतला. तो हिशेब खरा निघाला. सहा महिन्यांत आपोआप खराब झालेला लाईट एकही नाही.

पण ऊसवाहतुकीच्या पहिल्याच आठवड्यात ड्रायव्हरचा फोन आला, ‘मालक, जाताना लाईट झकास, येताना सगळे बंद.’ दुसऱ्या दिवशीही तेच. भरलेली ट्रॉली कारखान्याच्या काट्यावर जाईपर्यंत चारही लाईट लखलखीत, ऊस उतरवून रिकामी निघाली की कधी चालू, कधी बंद, खड्ड्यात आदळली की लुकलुक. घरी आणून उभी केली की पुन्हा नीट. आधी वाटलं प्लग ढिला आहे. पिना चाकूनं थोड्या फाकवल्या, फरक नाही. दुकानदार म्हणाला लाईटच खराब असेल, एक बदलून दिला, तोही तसाच. मग टेप काढून सगळे जोड पुन्हा केले. त्या नादात माझ्याच हातून एक चूक झाली, ती सांगतो, म्हणजे दुसऱ्या कुणाची होणार नाही.

सात पिनांच्या सॉकेटमध्ये काळी वायर निगेटिव्ह नसते. बॅटरीवर काळी म्हणजे निगेटिव्ह ही सवय हाडात मुरलेली, म्हणून मी काळी नेऊन बॉडीला लावली आणि लाईटचं बटण दाबताच फ्यूज उडाला. काळी, म्हणजे 7 नंबर, डाव्या टेललाईटची. अर्थ, म्हणजे करंट माघारी नेणारी निगेटिव्ह वायर, पांढरी, 3 नंबर. पिवळी 1 डावा इंडिकेटर, हिरवी 4 उजवा, तपकिरी 5 उजवी टेल, लाल 6 ब्रेक. निळी 2 आमच्याकडं रिकामीच आहे. माझ्या केबलमध्ये रंग असेच होते, पण बाजारातली प्रत्येक केबल हा नियम पाळेलच असं नाही. म्हणून प्लगवर कोरलेला नंबर बघा, मग रंग.

भानगड सुटली ती शेजारच्या अण्णांमुळं. त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, ट्रॅक्टरशी संबंध नाही. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, ‘आरं, करंट जातो कसा ते बघायलास, माघारी येतो कसा ते कोण बघायचं?’

मल्टीमीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवला. काळी सुई लांब वायर जोडून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल सुई मागच्या लाईटच्या पांढऱ्या वायरीला, आणि लाईट चालू. तिथं जवळजवळ शून्य यायला हवं. आले 3 व्होल्ट, तेही झोके खात. अण्णांनी पहारीनं ट्रॉली जोडायच्या हुकाची पिन दाबून धरली, काटा पडावा तसा आकडा शून्यावर आला, आणि लाईट लखकन पेटले. पिन सोडली की पुन्हा 3.

म्हणजे करंट माघारी येत होता तो पांढऱ्या वायरीतून नाही, हुकातून. ट्रॉली भरली की वजनानं पिन घट्ट दाबली जायची, लोखंडाला लोखंड भिडायचं, लाईट चालू. रिकामी झाली की गंज आणि ग्रीसवर पिन खुळखुळायची, लाईट बंद. पांढरी वायर शोधत गेलो तर ट्रॅक्टरच्या सॉकेटपाशी ती रंग दिलेल्या पट्टीवर, रंग न खरवडताच आवळलेली. मागच्या ट्रॉलीची तर कापूनच टाकलेली आणि टोक चेसिसला स्क्रूनं मारलेलं. ज्यानं फिटिंग केलं त्याला विचारलं तर त्याचं उत्तर, ‘टेलर लोखंडाचंच हाय की मालक, येगळी वायर कशाला वढायलाव?’

पुढचं काम दोन तासांचं. अडीच चौरस मिलिमीटरची एक पांढरी वायर बॅटरीच्या निगेटिव्हपासून शेवटच्या लाईटपर्यंत सरळ ओढली. जिथं चेसिसला जोड दिला तिथं रंग खरवडून लोखंड पांढरं केलं, दातेरी वॉशर घातला, वर व्हॅसलीन. आता आकडा 0.1 येतो, ट्रॉली भरलेली असो वा रिकामी. साडेतीनशे रुपयांच्या वायरीसाठी मी दोन महिने लाईट बदलत बसलो होतो.

बल्बच्या काळात अर्थ गेला की वेगळीच गंमत असायची, ती तेव्हा कळत नव्हती. ब्रेक दाबला की टेल विझायची, एक इंडिकेटर दिला की भलताच बल्ब मिचमिचायचा, कारण करंट दुसऱ्या बल्बच्या तारेतून उलटी वाट काढायचा. एलईडीतून करंट उलटा जात नाही, त्यामुळे थेट अंधार. निदान फसवत तरी नाही.

सेटचा खरा दोष म्हणजे सॉकेट. झाकणाला रबर नावापुरतं. पौषातल्या दवात पहाटे उजवा इंडिकेटर न देताच मंद जळायचा. झाकण उघडलं तर 4 आणि 5 नंबरच्या पिनांमध्ये हिरवट-पांढरी साय धरलेली, शेजारच्या टेलचा करंट तिच्यातून झिरपत होता. एवढ्या झिरप्यावर बल्ब पेटत नाही, एलईडी पेटते. टूथब्रशनं घासलं की महिनाभर ठीक. अवकाळीत मात्र दोनदा पूर्ण पाणी शिरलं.

‘एलईडी लावली की इंडिकेटर पळायला लागतो’, म्हणजे भराभर मिचमिचतो, असं सगळेच सांगत होते. माझ्याकडं उलट झालं. ट्रॅक्टरचे स्वतःचे बल्ब जागेवर असल्यानं जुन्या फ्लॅशरला, म्हणजे इंडिकेटर मिचमिचवणाऱ्या डबीला, त्याचा नेहमीचा भार मिळतो. चार जादा बल्ब असतानाच तो टिकटिक करत पळायचा.

कारखान्याच्या नंबराला रात्रभर रस्त्याच्या कडेला उभं राहावं लागतं तेव्हा पार्किंग लाईट चालू ठेवूनही सकाळी स्टार्टर एका दमात फिरतो. ड्रायव्हर याच गोष्टीवर सगळ्यात खूश आहे. ऊस उतरवताना साखळीचा फटका बसून एका लाईटची काच गेली. त्यानंतर अँगलच्या चौकटी करून घेतल्या. वेल्डिंग करण्याआधी प्लग आठवणीनं उपसला, कारण त्या करंटानं एलईडी जायला वेळ लागत नाही. मोळ्या मागे लोंबल्या की लाईट वाढ्यांच्या आड जातो, त्याला कुठलाच सेट पुरा पडत नाही. म्हणून लाईट बाहेरच्या टोकाला सरकवले आणि रिफ्लेक्टरच्या पट्ट्या वेगळ्या लावल्या.

पुन्हा घेईन का? लाईट आणि केबल हीच घेईन, सॉकेट दुसरीकडून जाड रबराचं. सध्या ट्रॉल्या गोठ्यामागं उभ्या आहेत. गेल्या वर्षी पाचटातल्या उंदरांनी वायर कुरतडली होती, म्हणून केबल गुंडाळून उंच टांगली आहे आणि प्लगच्या तोंडाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधला आहे.