जुनं जेट म्हणे भंगारात गेलं

यामाहा आरएक्स १०० ला एक्सपान्शन चेंबर (मधे फुगीर असलेला रेसिंगचा सायलेन्सर) आणि कोन फिल्टर (उघडा एअर फिल्टर) बसवायचा हट्ट माझाच होता. (आवाजाबद्दल मला ऐकवू नका. पोलिसांनी असे सायलेन्सर रोलरखाली चिरडलेले मी पाहिलेत.) बसवल्यापासून गाडी सुरुवातीला अडखळायची आणि प्लग काढला की पांढराफट्ट. हवा जास्त आत येतेय, पेट्रोल मात्र पूर्वीइतकंच, म्हणजे जेट (कार्बोरेटरमधलं, पेट्रोल मोजून सोडणारं भोकाचं पितळी बूच) मोठं हवं, एवढं मलाही कळत होतं. ते बसवायला ‘ट्यूनिंग स्पेशालिस्ट’ अशी पाटी असलेल्या गॅरेजात गाडी टाकली.

साडेचार हजार झाले. मेन जेट, पायलट जेट, गॅस्केट, मजुरी. पैसे रोख, बिल नाही. हिशेब एका कार्डाच्या मागे पेनाने लिहून दिला. संध्याकाळी गेलो तर कार्बोरेटर बाहेरून आरशासारखा चकचकीत. गॅरेजवाल्याने किक मारली, दोनदा मूठ पिळली, इंजिन कुठे अडखळलं नाही. गल्लीत फेरी मारून आलो, खूश. जुनी जेटं मागितली तर म्हणाला, “साहेब, ती भंगारात गेली.”

गंडलो तो इथेच. गल्लीत गाडी जेमतेम पाव मुठीवर चालते. तिथे सगळा कारभार पायलट जेट आणि एअर स्क्रूचा. अर्ध्या मुठीला नीडल (मुठीबरोबर वरखाली होणारी सुई), आणि मेन जेटची पाळी येते पाऊण मुठीच्या पुढे. म्हणजे ज्या जेटचे पैसे मोजले ते तपासायला हायवे लागतो, आणि हायवेवर जाईपर्यंत पैसे त्याच्या गल्ल्यात.

पुढच्या शनिवारी सातारा. शिरवळच्या पुढे गाडी कधी नव्हे इतकी मोकळी पळत होती. पेट्रोल कमी पडलेली टू-स्ट्रोक सीझ (जाम) व्हायच्या आधी अशीच पळते, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. खंबाटकीच्या चढावर तिसऱ्या गिअरला मूठ पूर्ण पिळलेली, आणि एकदम आवाज पडला, मागचं चाक जागीच धरलं. डाव्या हाताने क्लच कसा दाबला गेला देव जाणे. मागून ट्रक हॉर्न वाजवत बाजूने गेला.

टेम्पोत घालून गाडी वाईला एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे, अण्णांकडे नेली. ऑइल टाकीत होतं, पंपही नीट चालत होता. सिलिंडर काढला तर पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे. पेट्रोल नुसतं जळत नाही, येताना पिस्टन थंडही करतं. ते कमी पडलं की पिस्टन फुगतो आणि सिलिंडरला चिकटतो. मग अण्णांनी फ्लोट चेंबर (कार्बोरेटरखालची पेट्रोलची वाटी) उघडला. ‘नवीन’ गॅस्केट इतकं जुनं की तुकडे तुकडे होऊन निघालं. मेन जेटच्या खाचेत हिरवट थर तसाच. अण्णा म्हणाले, “याला स्क्रूड्रायव्हर लागला असता तर पितळ चमकलं असतं. हे कुणी हलवलेलंच नाही.” पायलटचंही तेच. फक्त एअर स्क्रू जवळजवळ तळापर्यंत आत पिळलेला. त्याने सुरुवातीचं मिश्रण घट्ट होतं (हवा कमी, पेट्रोल जास्त), अडखळणं थांबतं, गिऱ्हाईक खूश. पूर्ण मुठीचं जैसे थे.

बोअर मारून (सिलिंडर आतून मोठा करून) ओव्हरसाइज पिस्टन टाकला, त्याचा खर्च वेगळा. जेट घेऊन गॅरेजवाल्याकडे गेलो तर आधी म्हणाला, “ऑइल कमी पडलं असेल.” खाच दाखवली तर म्हणाला, “गाडी दुसऱ्याकडे उघडलीत ना, आता माझी जबाबदारी नाही.” कार्डावर ना शिक्का ना सही. भांडून काही हाती लागलं नाही.

रनिंग-इन (नवा पिस्टन बसेपर्यंत गाडी सांभाळून चालवणं) संपल्यावर चार नंबरांची मेन जेटं आणली आणि सगळ्यात मोठ्यापासून खाली आलो. मोठं जेट फार तर गाडी फडफडवतं, पिस्टन पकडत नाही. प्रत्येक जेटला नवा प्लग, मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरला पूर्ण मूठ, मग क्लच दाबून तिथेच इंजिन बंद आणि प्लग बाहेर. तिसऱ्या जेटला प्लगचा रंग चॉकलेटी आला, म्हणजे मिश्रण बरोबर.

तुम्ही कुणाकडे गाडी टाकलीत तर फ्लोट चेंबर तुमच्यासमोर उघडायला लावा, जुनी जेटं हातात घ्या आणि नव्यावर कोरलेला नंबर स्वतः वाचा. जाताना भिंग न्या, आकडे फार बारीक असतात.