हौद्यातला कॅम्पर आणि त्याखालची गाडी: ड्युअली पिकअपचा वापरानंतरचा अनुभव

डेन्व्हरला राहून डोंगरात मुक्कामाला जायचं तर ट्रेलर ओढा, आरव्ही (आत राहता येईल अशी मोठी मोटार) घ्या, नाहीतर पिकअपच्या हौद्यात बसणारा कॅम्पर, म्हणजे राहायची छोटी खोलीच, घ्या. आम्ही तिसरा मार्ग धरला, आणि त्याखाली घेतली फोर्डची एफ-350 ड्युअली, म्हणजे मागे प्रत्येक बाजूला जोडचाकं असलेली पिकअप. गेल्या फॉलपासून, म्हणजे पानगळीपासून, बर्फ, वारा, चिखल, उन्हाळा असं सगळं या गाडीवर काढून झालंय. इथल्या मराठी मंडळात कोणीही भेटलं की आधी कॅम्परचं विचारतं: आत शॉवर आहे का, गादी केवढी, फ्रिज कशावर चालतो. गाडीचं कोणी विचारत नाही. मला लिहायचंय ते गाडीबद्दलच, कारण तिथे चुकलं तर आतला शॉवर कितीही चांगला असला तरी उपयोगाचा नाही.

आधी वजन. कॅम्पर साडेनऊ फुटी, एका बाजूला स्लाइड, म्हणजे बाहेर सरकणारा भाग, असलेला. माहितीपत्रकावर 3,150 पौंड. हे कोरडं वजन. यात पाणी नाही, गॅस नाही, बॅटरी नाही. शिवाय एसी, बाहेर उघडणारं कापडी छत, इलेक्ट्रिक जॅक या सगळ्या ‘ऐच्छिक’ वस्तू धरलेल्या नाहीत, आणि त्यांच्याशिवायचा कॅम्पर मला तरी कुठल्या लॉटवर दिसला नाही. पाण्याची टाकी 40 गॅलनची. गॅलनला 8.34 पौंड, म्हणजे भरलेली टाकी 330 पौंडांच्या वर. मग गॅसचे दोन सिलिंडर, बॅटऱ्या, अंथरुणं, खुर्च्या, मुलांचे बूट, कुकर, लोखंडी तवा. सगळं भरून कॅम्पर 4,300 पौंडांवर गेला. आम्ही चौघं मिळून 540. म्हणजे गाडीवर बसणारा बोजा पाच हजारांच्या घरात.

हा आकडा खिशात ठेवूनच मी गाड्या बघायला निघालो. एका डीलरकडचा विक्रेता सारखा ‘ही गाडी अठरा हजार पौंड ओढते’ म्हणत होता. ओढते हो, पण मला ओढायचं नाहीये, पाठीवर घ्यायचंय. ट्रेलरचं बहुतेक वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर असतं. कॅम्परचं अख्खं वजन तुमच्या गाडीवर, आणि त्यातलं जवळजवळ सगळं मागच्या ऍक्सलवर येतं. जाहिरातीतला मोठा आकडा इथे कामाचाच नाही. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर स्टिकर असतो. त्यावर गाडीचं जास्तीत जास्त भरवजन आणि पुढच्या-मागच्या ऍक्सलची मर्यादा लिहिलेली असते. भरवजनातून गाडीचं काट्यावरचं रिकामं वजन वजा केलं की हातात येतं ते तुमचं. शिवाय ग्लोव्ह बॉक्समध्ये कॅम्पर लादण्याबद्दलचा कागद असतो. कॅम्परचा गुरुत्वमध्य हौद्यात कुठून कुठपर्यंत चालेल, याचं चित्र त्यावर असतं. तो कागद माझ्यासोबत आलेल्या मित्राने पार्किंग तिकीट समजून बाजूला ठेवला होता.

फोर्डच्या एफ-250 वर्गातली, म्हणजे एफ-350 च्या खालची, गाडी या हिशोबात पहिल्याच फेरीत बाद झाली. तरी ‘एअरबॅग लावा, होऊन जाईल’ हा सल्ला जागोजागी मिळतो. या एअरबॅग म्हणजे मागच्या स्प्रिंगला आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या. त्यांनी बसलेला मागचा भाग वर येतो, गाडी सरळ दिसते. ऍक्सल, ब्रेक, रिम आणि टायर मात्र होते तेच राहतात. स्टिकरवरचा आकडा एका पौंडानेही वाढत नाही.

मग एफ-350. मागे एकेक चाक असलेली, डिझेल, क्रू कॅब (चार दारांची केबिन), फोर-बाय-फोर: शिल्लक साडेतीन हजारांच्या आसपास. तीच पेट्रोलमध्ये: चार हजारांच्या आसपास. इथे लोक म्हणतात, थोडंसंच जास्त होतंय, काय बिघडतं. टायरचं गणित करून बघा. 275/70 आर 18 मापाचा ई रेंजचा (जड बोज्यासाठीचा) टायर 80 पीएसआय हवेला 3,640 पौंड पेलतो. दोन्ही मिळून 7,280. रिकाम्या गाडीचे मागचे तीन हजार आणि वर कॅम्पर धरला की मी त्याच्या पुढे जातो, आणि तेही उभ्या गाडीत. खड्ड्यात आपटल्यावर काय होत असेल ते वेगळंच. म्हणून जोडचाकांची ड्युअली. भरवजन 14,000 पौंड. जुनी घेतली, 7.3 लिटर पेट्रोल व्ही-8, आठ फुटी हौद्याची. आखूड हौद्यात इतका लांब कॅम्पर ठेवला की गुरुत्वमध्य मागच्या ऍक्सलच्या मागे जातो, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात पोकळ लागतं. ती वाट मी सोडूनच दिली होती.

डिझेल का नाही, हा प्रश्न घाट चढताना मलाही पडतो. आय-70 महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा 11,158 फुटांवर आहे. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के दम गमावतं, म्हणजे तिथे पोचेपर्यंत एक तृतीयांश गेलेला असतो. उजव्या लेनमध्ये मोठ्या ट्रकांमागे, चार हजार आरपीएमवर घोंघावत, ताशी पंचेचाळीस मैलांच्या वेगाने मी चढतो. डिझेलवाले शेजारून गुणगुणत जातात. पण डिझेल इंजिनाचं जास्तीचं वजन माझ्याच शिलकीतून कापलं जाणार होतं, आणि पैसेही बरेच जास्त. उतरताना मात्र तक्रार नाही. टो-हॉल मोड (बोजा वाहताना वापरायचा गिअरचा मोड) लावला की सिल्व्हरथॉर्नकडचा सात टक्क्यांचा उतार गाडी स्वतः गिअर खाली घेऊन उतरते, ब्रेकला अधूनमधूनच पाय लागतो. मायलेज गॅलनला साडेनऊ मैल, लिटरला जेमतेम चार किलोमीटर. हा आकडा पुण्याच्या सासऱ्यांना फोनवर सांगितला तेव्हा पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही.

गाडी आल्यावर वर काय बसवलं ते सांगतो. पहिलं, हौद्यात जाड रबरी चटई. नुसत्या प्लास्टिक लायनरवर कॅम्पर सरकतो. दुसरं, कॅम्पर बांधून ठेवायला चेसिसला बोल्ट होणारे टाय-डाउन. 2017 पासून या गाड्यांची बॉडी ॲल्युमिनियमची आहे. हौद्याच्या पत्र्यात हूक लावून चार हजार पौंड धरून ठेवणं मला पटलं नाही. ताण देणारे टर्नबकल (फिरवून आवळायचे दांडे) स्प्रिंगवाले घेतले, कारण हौदा आणि कॅम्पर वेगवेगळे हलतात, आणि ताठ साखळी एकतर सैल पडते नाहीतर कॅम्परचा हूकच उपटते. तरीसुद्धा निघाल्यावर पहिल्या पेट्रोल पंपावर उतरून चारही कोपरे हाताने ओढून बघायचे, हा आमच्या घरचा नियम. युटातल्या मोआबजवळच्या खडबडीत कच्च्या रस्त्यावरून बाहेर आलो की मागचा डावा नेमका सैल झालेला असतो. दोन आटे फिरवले की स्प्रिंगवरची खूण पुन्हा रेषेवर येते.

तिसरं काम मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचं, आणि सगळ्यांत जास्त फरक त्यानेच पडला. या गाडीच्या मुख्य पाट्यांच्या वर एक जादा पाटा असतो. रिकाम्या गाडीत त्याची टोकं मोकळी असतात. बोजा पडून गाडी पुरेशी बसली की मगच ती टेकतात. कॅम्पर लादल्यावर वळणावर आधी गाडी कलते, मग तो पाटा टेकतो, मग धक्का देऊन सावरते. पोटात कालवतं ते याच क्षणी. मधल्या फटीत रबराचे ठोकळे बसवले, म्हणजे पाटा सुरुवातीपासूनच टेकलेला. एका दुपारचं काम, जॅक आणि पान्यांनी घरी झालं. मागे जाड स्वे बार (गाडीचं कलणं आवरणारा दांडा) टाकला. एअरबॅग घेतल्याच नाहीत. ड्युअलीचा मागचा पाया मुळातच रुंद असतो, त्यामुळे कमी पडलंय असं वाटलं नाही. नवी गाडी घेणाऱ्यांनी फोर्डचं कॅम्पर पॅकेज घ्यावं. मागचा बार त्यातच येतो आणि मागाहून लावण्यापेक्षा स्वस्त पडतो.

ट्रकस्टॉपवरच्या कॅट वजनकाट्यावर पाणी, पेट्रोल, माणसं सगळ्यांसकट गाडी घातली. पुढचा ऍक्सल 4,880, मागचा 8,060, एकूण 12,940. मागच्या ऍक्सलची मर्यादा साडेनऊ हजारांच्या वर आहे. ती चिठ्ठी ग्लोव्ह बॉक्समध्ये त्या कागदाशेजारीच ठेवलीय.

आता त्रास. कॅम्पर बसवायला टेलगेट काढावं लागतं आणि मागचा कॅमेरा टेलगेटवरच असतो, म्हणून कॅम्परच्या पाठीवर वेगळा कॅमेरा लावावा लागला. ड्युअलीचे मागचे मडगार्ड बाहेर आलेले असल्यामुळे कॅम्परचे पुढचे जॅक बाहेर झुलणाऱ्या ब्रॅकेटवर घ्यावे लागतात. ते घेतले नाहीत तर गाडी कॅम्परखाली शिरतच नाही. लादताना बायको मागे उभी राहून ‘घे, घे, अजून घे, डावीकडे, अगं आई, थांब!’ करते, आणि शेजारचे कॉफी घेऊन बघायला येतात. सोसायटीच्या नियमांमुळे कॅम्पर दारात ठेवता येत नाही, म्हणून महिन्याचं भाडं भरून दुसरीकडे. गाडीवरून कॅम्परला वीज देणाऱ्या सात पिनांच्या सॉकेटमधली चार्जिंगची वायर बारीक आहे. तासन्‌तास चालवूनही बॅटरी भरेना, तेव्हा जाड वायर ओढून डीसी-डीसी चार्जर (गाडीच्या विजेवर कॅम्परची बॅटरी भरणारा) बसवून घेतला. लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करू नये; आमच्या बॅटऱ्या आत, हीटरच्या बाजूला आहेत ते बरंच झालं.

वाऱ्याचं वेगळं सांगायला हवं. वायोमिंगमध्ये आय-80 वर, लॅरमी आणि रॉलिन्सच्या मध्ये, आडवा वारा लागला की वजनाची सगळी तयारी बाजूला राहते. गाडी टिकते, चालवणारा थकतो. आम्ही सकाळी लवकर निघतो आणि फलकावर इशारा लागला असेल तर थांबतो.

लांबीचाही विचार करा. क्रू कॅब आणि आठ फुटी हौदा म्हणजे नुसती गाडीच बावीस फुटांच्या वर. गनिसनच्या ब्लॅक कॅन्यनमधला ईस्ट पोर्टल रस्ता सोळा टक्के उताराचा आहे आणि बावीस फुटांपेक्षा लांब वाहनाला बंदी. नदीकाठचा तो मुक्काम आमच्या नशिबात नाही.

उन्हाळ्यात आई-बाबा आले होते. आईला वरच्या गादीवर चढणं अवघड, म्हणून त्यांना डायनेटचा (जेवणाच्या टेबलाच्या जागेचा) बिछाना आणि मुलं तंबूत. दहा हजार फुटांवर पाणी नव्वद अंशांनाच उकळतं, पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. कुकर होता म्हणून वरणभात झाला. कुकरच्या त्या तीन किलो वजनाबद्दल मी पुन्हा कधी बोललो नाही.

राहता राहिलं आतल्या जोडचाकाचं. त्याच्या व्हॉल्व्हपर्यंत हात जात नाही, लांब नळीचं गेज लागतं, आणि आतलं चाक बसलं तरी बाहेरचं चाक ते झाकून टाकतं. मी मागच्या चारही चाकांना प्रेशरचे सेन्सर लावलेत. जुनी ड्युअली बघायला जाल तेव्हा खाली वाकून आतल्या टायरवर कोरलेला डीओटी क्रमांकही वाचा, तो कधी बनला ते त्यावरून कळतं. शेवटचे चार आकडे 2319 असतील तर तो टायर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यातला. बाहेरचे टायर नवे आणि आतले जुने, अशा दोन गाड्या मी त्याच आठवड्यात बघितल्या होत्या, आणि दोन्हींच्या जाहिरातीत ‘नवे टायर’ असंच लिहिलं होतं.