अंबाल्याचा पितळी ब्रंटन कंपास: घेताना काय तपासाल, घाटात कसा वापराल

ब्रंटन म्हणजे खडकांच्या थरांची दिशा आणि कल मोजायचं होकायंत्र. थोडक्यात मत आधी. नती, म्हणजे थर आडव्यापासून किती अंश कलला ते, मोजायला झकास, दिशा मोजायला सावधपणे वापरला तर चांगला, सोबत येणारं पाकीट टाकाऊ. भूशास्त्राच्या विद्यार्थ्याने जरूर घ्यावा, पण तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

मूळ कल्पना डेव्हिड ब्रंटन यांच्या १८९४ च्या पेटंटची. यात आरशाचं झाकण, गोल पाणसळ, नतीसाठी लांबट पाणसळ आणि कोनाची कमान. डायलवर पूर्व-पश्चिम उलटी दिसते, ती छपाईची चूक नव्हे. डबी फिरते आणि सुई जागेवर राहते, म्हणून आकडेही उलटे चढतात. हे सुलट असेल तर तो शोकेसमध्ये ठेवायचा ‘जहाजी अँटिक’ समजावा. डायल ० ते ३६० चाच घ्या. ० ते ९० च्या चार पाव भागांत वही लिहिताना गोंधळ हमखास.

दुकानात तीन गोष्टी बघायच्या. एक, टेबलावर चौकोनी कागद ठेवून त्यावर कंपास ९०-९० अंशांनी वळवा. प्रत्येक वेळी आकडा बरोबर ९० ने बदलला पाहिजे. टेबलाखालची सळई सगळ्या मापांना सारखीच ओढते, त्यामुळे फरक येत असेल तर दोष डबीतच: बहुतेकदा बिजागरीची पिन किंवा एखादा स्क्रू लोखंडी असतो. स्वस्त मालात हे सर्रास आढळतं. दोन, कलत्या फळीवर नती मोजा, मग कंपास उलट तोंडाने ठेवून पुन्हा मोजा. दोन आकड्यांतल्या फरकाचा निम्मा म्हणजे लांबट पाणसळीची चूक. तीन, चावी जवळ नेऊन सुई हलवा आणि चावी दूर करा. सुई अंशभराच्या आत मूळ जागी आली नाही तर टोकणी, म्हणजे सुई जिच्यावर फिरते ते टोक, बोथट आहे. प्रवासात सुई उचलून लॉक केली नाही तर चांगली टोकणीसुद्धा अशीच बोथट होते.

अंबाल्यात, म्हणजे उत्तरेत, तोललेली सुई साताऱ्यात दक्षिण टोकाकडे किंचित कलते, कारण पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र इकडे जमिनीकडे कमी कलतं. काच काढून दक्षिण टोकावरची तोलाची तार जराशी मध्याकडे सरकवली की काम होतं. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतल्या फरकाची दुरुस्ती इथे एका अंशाच्या आत, ती सोडून दिली तरी चालेल.

आता खरी परीक्षा. आपल्याकडचे बेसाल्टचे थर जवळजवळ आडवे, नती एका अंशाहूनही कमी. ती या कंपासच्या आवाक्याबाहेरची. पसरणी किंवा आंबेनळी घाटातल्या कापलेल्या भिंतीत वाकलेलं काही दिसलं की लगेच वळी, म्हणजे दुमडलेले थर, म्हणू नका. कांद्यासारखे सुटलेले पापुद्रे ही झीज आहे, आणि फुगीर गोलाई बहुधा लाव्ह्याच्या जिभेची. इथे सराव करायचा तो उभ्या सांध्यांवर (कातळातल्या भेगांवर) आणि डाइकवर (भेगेत शिरून गोठलेल्या लाव्ह्याच्या भिंतीवर). बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं, त्यामुळे कंपास कातळाला टेकवून दिशा वाचू नका. दोन-तीन हात लांब उभं राहून सांध्याच्या रेषेत नेम धरा. मग दुसऱ्या टोकाला जाऊन उलट दिशा वाचा. १८० चा फरक आला नाही तर माप रद्द. उघड्या माथ्यावरचा, वीज पडलेला कातळ तर सुईला वाट्टेल तिकडे फिरवतो. घाटात आता लोखंडी जाळ्या आणि क्रॅश बॅरियर आलेत, त्यांपासून पाचेक मीटर लांब राहा, गाडीपासून दहा. हातोडा खाली ठेवा, मोबाइल सॅकमध्ये.

वळ्यांवर कंपास वापरायचा तर सांगलीकडून कर्नाटकातलं बागलकोट जवळ. तिथले कलादगी नावाच्या खडकगटातले जुने क्वार्टझाइट आणि चुनखडक चांगले दुमडलेत, बदामीचा वालुकाश्म मात्र आडवाच. क्वार्टझाइटमध्ये सुई शांत राहते. वहीच्या आकाराची अॅल्युमिनियमची पाटी थरावर टेकवून तिच्यावर मोजावं, म्हणजे खडबडीतपणा आड येत नाही. वळीच्या दोन्ही भुजांवर (बाजूंवर) चार-पाच मापं, आणि वळी जिथे वळते तिथे पेन्सिल आडवी धरून अक्षाचा कल.

रस्त्याच्या कटाईत फसगत इथेच होते: भिंतीवर दिसणारी नती खरी नसते. थराची खरी नती ४० अंश असेल आणि भिंत नतिलंबाशी (थरावरच्या आडव्या रेषेशी) ३० अंशांचा कोन करत असेल, तर भिंतीवर जेमतेम २३ अंश दिसतात. वळी आहे त्याहून पसरट वाटते. म्हणून फोटोवरून कोन काढू नका, थराचा पृष्ठभाग जिथे उघडा मिळेल तिथेच कंपास लावा. सुरुंगाच्या भोकांच्या अर्धवट नळ्या भिंतीत दिसतात, त्यांना खडकातली नैसर्गिक रेषा समजून मोजणारे महाभागही असतात.

मोबाइल अॅपशी तुलना होणारच. नतीसाठी अॅप तोडीस तोड आणि भराभर चालतं. दिशेत मात्र कव्हरमधलं चुंबक आणि न केलेलं कॅलिब्रेशन घात करतात, आणि आकडा इतक्या ठामपणे समोर येतो की शंका येत नाही. पितळी कंपासची सुई अडकली तर निदान डोळ्यांना दिसते.

पाकिटाचं बटण लोखंडी आहे. कंपास छातीशी धरून वाचताना तेच कमरेला लटकत असतं, तेव्हा कापडी पिशवी शिवून घ्या.